पावलांच्या टप्प्यांतील घर

नवें घर घेतांना आपण खोल्या मोजतों, गाडी ठेवण्यास जागा पाहतों. परंतु वाणी, डॉक्टर व शाळा किती पावलांवर आहेत, हें सहसा कोणी मोजीत नाहीं. पुण्याच्या जुन्या पेठांत हा प्रश्नच उद्भवत नसे. १८८६ सालीं उभारलेली मंडई, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, व शेजारची तुळशीबाग या दोन्ही आजही भोंवतालच्या पेठांतून पायीं गांठतां येतात.

पॅरिसचे प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनीं २०१६ सालीं 'पंधरा मिनिटांचें शहर' ही कल्पना मांडली. नित्याच्या गरजा घरापासून तेवढ्या वेळांत, पायीं वा सायकलीवर, भागाव्या, असा तिचा आशय. आमच्या पेठांस तिचें नांव ठाऊक नव्हतें, इतकेंच.

वाड्यांतील अंधार व पाण्याची ओढाताण मीं भोगली आहे. तिचे गोडवे गाणार नाहीं. मुलानें शहराबाहेर घेतलेलें घर खरोखरच हवेशीर आहे. परंतु तेथें कोथिंबिरीच्या जुडीसाठीं मला सुनेची सवड पाहावी लागते. नातवासही मित्राकडे सोडावयास कोणीतरी लागतें. पेठेंत मी घरचा वडील होतों. येथें ओझें झालों.

म्हणून वाचकांस एक विनंती. विसार देण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसाच्या हातीं पिशवी देऊन त्यास वाण्याकडे पाठवावें. तो न भितां, न थकतां परतला, तर घर खुशाल घ्यावें.