घरांत विष मारणारा मनुष्य कसा निवडावा

द्राक्षबागेवर कोणतें औषध, कोणत्या दिवशीं व किती प्रमाणांत मारावयाचें याचा बारकाईनें विचार करणारा आमचा शेतकरी बंधु, घरांतील वाळवी किंवा ढेकूण काढावयाचे झाले म्हणजे मात्र पाठीवर पंप घेऊन दाराशीं आलेल्या पहिल्याच मनुष्यास आंत घेतो. बागेंत काढणीपूर्वीं ठराविक दिवस फवारणी बंद ठेवतां येते. घरांत त्याच रात्रीं माणसें निजतात, मुलें फरशीवर रांगतात व पिठाचा डबा तेथेंच असतो. तेव्हां ही निवड बागेपेक्षांही अधिक दक्षतेनें केली पाहिजे.

आमचें अंबड हें मूळचें शेतीचें गांव. आतां एका बाजूस औद्योगिक वसाहत व दुसऱ्या बाजूस नवीन नाशिकची दाट वस्ती त्यास येऊन भिडली आहे. सागवानी चौकटींचीं जुनीं घरें व सिमेंटच्या इमारती शेजारीं शेजारीं उभ्या आहेत, आणि वाळवीस दोन्ही सारख्याच. पहिला पाऊस पडून पंखांच्या वाळव्या दिव्याभोंवतीं जमूं लागल्या कीं कीड काढून देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती दारोदार येऊं लागतात. यांतील खरा कोण व खोटा कोण?

माझी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली, म्हणून माझें लक्ष प्रथम कागदाकडे जातें. सात-बाराचा उतारा पाहिल्यावांचून कोणी गुंठाभर जमीन घेत नाहीं. मग परवाना पाहिल्यावांचून घरांत विष कां मारूं द्यावें? कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम यांअन्वयें मोबदला घेऊन कीड काढण्याचा धंदा करणाऱ्यास स्वतंत्र परवाना लागतो. त्यासाठीं कृषि विषयाची, अथवा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी लागते. शिवाय म्हैसूर, हापुड किंवा हैदराबाद येथील सरकारी संस्थांसारख्या मान्य ठिकाणीं शिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो. पुष्कळजण विचारल्यावर दुकानाच्या नोंदणीचा दाखला किंवा जीएसटीचा क्रमांक पुढें करतात. तो कीड काढण्याचा परवाना नव्हे. खतें-औषधें विकण्याचा परवाना हाही नव्हे. कागदावरील नांव, पत्ता व मुदत वाचून पाहावी, आणि परवानाधारक स्वतः न येतां नोकरास पाठवणार असेल तर त्या नोकरास काय शिकविलें आहे तें विचारावें.

दुसरी परीक्षा औषधाच्या डब्याची. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या आळींत एक गृहस्थ आला होता. औषध कोणतें, असें विचारतां "हर्बल आहे, काका, कांहीं होत नाहीं," असें उत्तर मिळालें. औषध होतें शीतपेयाच्या बाटलींत, आणि बूच काढतांच त्याचा दर्प ओसरीपर्यंत आला! त्यास मीं तेथूनच निरोप दिला. मूळ डब्यावर औषधाचें नांव, नोंदणी क्रमांक, मुदत व विषारीपणा दाखविणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असलाच पाहिजे, आणि डबा आपल्यासमोर फोडला पाहिजे. ढेकूण व झुरळें यांवर एके काळीं सर्रास मारलें जाणारें डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशांत बंद आहे. अजूनहि कोणी "जुनेंच जालीम औषध" म्हणून तें देऊं करील तर तो मनुष्य कायदा जाणत नाहीं, किंवा जाणून मोडतो.

आतां वाळवीचें काम. येथें फसवणूक फार, कारण काम जमिनीखालीं असतें व दिसत नाहीं. भिंतीवरील मातीची नळी झाडून वरून फवारा मारला तर दिसणारी वाळवी मरते. राणी व वारूळ जमिनींत सुखरूप राहतात. बांधलेल्या घरासाठीं भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागांत रीत दिली आहे. भिंत व फरशी जेथें मिळतात तेथें सुमारें फूट-फूट अंतरावर छिद्रें पाडून प्रत्येकांत औषधाचें पाणी मुरेनासें होईपर्यंत, फार तर एक लिटर, सोडावयाचें. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट होतो. दरवाजा वगळतां सुमारें चाळीस छिद्रें होतात, म्हणजे चाळीस लिटरपर्यंत पाणी लागूं शकतें. २० टक्क्यांचें क्लोरपायरिफॉस वापरून एक टक्क्याचें द्रावण करावयाचें तर एक लिटर औषधास १९ लिटर पाणी, म्हणजे या एका खोलीस दोन लिटरपर्यंत औषध हवें. सोळा लिटरच्या एका पंपांत जो सबंध घर उरकतो, त्यानें काय केलें असेल याचा हिशेब वाचकांनींच करावा. विहीर घराजवळ असल्यास तें आधींच सांगावें. त्याची चौकशी न करणारा मनुष्य मला तरी पसंत पडत नाहीं.

ढेकणांस एक फेरी पुरत नाहीं. अंड्यांवर औषधाचा परिणाम कमी होतो व तीं पुढें फुटतात, म्हणून सुमारें पंधरा दिवसांनीं दुसरी फेरी दरांत धरली आहे कीं नाहीं तें पाहावें.

सर्वांत मोठा धोका धान्याच्या खोलींत आहे. गव्हांतील सोंडा किंवा उंदीर यांसाठीं ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवण्याची चाल खेड्यापाड्यांत अजून आढळते. हवेंतील ओलाव्यानें तीन ग्रॅमच्या एका गोळींतून सुमारें एक ग्रॅम फॉस्फीन वायु सुटतो. तो दिसत नाहीं, दाराच्या फटींतून शेजारच्या खोलींत जातो, व त्याच्या विषबाधेवर उतारा नाहीं. म्हणूनच दहा व वीस गोळ्यांच्या नळ्या सरकारनें बंद केल्या, आणि ही धुरी सरकारी किंवा सरकारमान्य तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच द्यावी असें बंधन घातलें. राहत्या घरांत अथवा त्याच्या भिंतीस लागून असलेल्या कोठारांत गोळ्या ठेवूं म्हणणारा कितीहि स्वस्त असला तरी त्यास उंबरठा ओलांडूं देऊं नये. धान्य कडक उन्हांत वाळवून घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या कोठींत भरलें तर बहुधा तशी पाळीच येत नाहीं.

दर ठरवितांना आधीं घर पाहून मग आंकडा सांगणारा बरा. दूरध्वनीवरच चौरस फुटाचा भाव सांगणाऱ्यास ओल कोठें आहे तें काय माहीत? पांच वर्षांची हमी देतात, पण बहुतेक ठिकाणीं ती पुन्हां औषध मारण्यापुरतीच असते. खाल्लेल्या चौकटीची भरपाई तींत नसते. तेव्हां हमी लेखी घ्यावी. पावतीवर औषधाचें नांव, त्याची टक्केवारी, तारीख व परवाना क्रमांक लिहवून घ्यावा. कोणास चक्कर किंवा ओकारी आल्यास डॉक्टर पहिला प्रश्न औषध कोणतें हाच विचारतात. म्हणून ती पावती घरपट्टीच्या पावत्यांबरोबर, घरांतील सर्वांस ठाऊक असेल अशा जागीं ठेवावी.