डावामागून डाव

आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र पाठ जमिनीला लागल्यावर खऱ्या खेळाला रंग चढू लागतो. खाली पडलेला गडी वरच्याच्या कमरेला पायांचा विळखा घालतो आणि तेथूनच त्याच्यावर डाव टाकतो. ह्या पवित्र्याला ‘गार्ड’ म्हणतात. गुणांवरही सामना जिंकता येतो. पण पक्का निकाल म्हणजे सांधा किंवा गळा पकडीत सापडणे. सापडलेल्याने थाप मारावयाची आणि दुसऱ्याने तत्काळ सोडावयाचे, असा हा सरळ व्यवहार आहे.

ह्या विद्येचे माहेर जपान. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापली आणि जुन्या जुजुत्सूतून ज्युदो घडवला. तेथे तयार झालेला मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचला. त्याची विद्या कार्लोस ग्रेसी आणि त्याचा धाकटा भाऊ हेलिओ यांच्या घराण्यात रुजली. हेलिओ अंगाने किरकोळ. त्यामुळे जोरापेक्षा तरफेवर आणि घाईपेक्षा धीरावर भर देणारी झुंज त्याने आपलीशी केली.

एकेक डाव निराळा शिकणे आणि डावाला डाव जोडणे यांतला फरक पाहावयाचा असेल, तर २३ ऑक्टोबर १९५१ चा सामना आठवावा. रिओ द जानेरोच्या माराकाना क्रीडांगणात जपानचा मासाहिको किमुरा हेलिओशी झुंजला. किमुरा वजनाने कितीतरी भारी. त्याने टांग मारून हेलिओला पाडले आणि अंगाखाली दाबून धरले. पुढचे किमुराने स्वतःच्या आठवणींत सांगितले आहे. श्वास कोंडल्यामुळे हेलिओ त्याला ढकलू लागला. ढकलताना त्याचा डावा हात सरळ झाला, आणि किमुराने नेमका तोच हात मनगटाशी धरून पिरगळला. हात जायबंदी झाला तरी हेलिओने थाप मारली नाही. शेवटी त्याच्या बाजूच्या माणसांनीच सामना थांबवला. ब्राझीलमध्ये त्या डावाला पुढे ‘किमुरा’ हेच नाव पडले. आपल्याला हरवणाऱ्याचे नाव जपण्याचा हा दिलदारपणा मला फार आवडतो.

सुटकेसाठी केलेली हालचालच पुढच्या डावाची वाट मोकळी करते, हे ह्या खेळाचे मर्म आहे. मी मराठीचा प्राध्यापक. चाळिशी उलटल्यावर ह्या वर्गात नाव घातले. आमचा शिक्षक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहे. तो मला ‘सर’ म्हणतो आणि मीही त्याला ‘सर’ म्हणतो, त्यामुळे कोण कोणाला हाक मारतो आहे हे गादीवरच्या इतरांना चटकन उमगत नाही. त्याने शिकवलेली एक साखळी सांगतो.

मी पाठीवर, गडी माझ्या पायांच्या विळख्यात गुडघ्यांवर बसलेला. मी झटक्याने उठून कमरेच्या धक्क्याने त्याला मागे लोटतो. तो पडला तर उत्तमच. पण पडू नये म्हणून तो हात मागे जमिनीवर टेकतो. टेकलेला तो हात म्हणजे किमुराचे आमंत्रण! हे ध्यानी येताच तो हात ओढून घेतो आणि छातीने मला खाली रेटू लागतो. त्या रेट्यात त्याची मान पुढे येते, आणि ती माझ्या काखेत सापडली की गळ्याचा डाव, ज्याला ‘गिलोटिन’ म्हणतात, तयार असतो. पहिला धक्का वाया गेला असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः त्या धक्क्यानेच पुढच्या दोन्ही डावांची मशागत केलेली असते.

हे तीन डाव पाठ करणे सोपे आहे. परंतु गड्याने हात टेकलाच नाही तरी नवशिका हटकून त्या हाताकडे धावतो, कारण त्याला क्रम पाठ असतो. म्हणून आमचा शिक्षक साखळी तीन टप्प्यांनी शिकवतो. आधी जोडीदार मुळीच विरोध करीत नाही. मग तो ठरलेला एकच बचाव करतो. शेवटी दोहोंपैकी कोणता बचाव करणार हे तो सांगत नाही. त्याच्या अंगाच्या भारावरून आपण ते ओळखावयाचे. तिसऱ्या टप्प्यावर मला वर्गातल्या तासाची आठवण होते. टिपणे कितीही चोख असोत, मागच्या बाकावरून प्रश्न आला की पुढचे वाक्य त्या प्रश्नातूनच काढावे लागते. घोकलेले भाषण आणि संभाषण यांत जे अंतर, तेच डावांच्या यादीत आणि साखळीत आहे.

माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि वीस किलोंनी भारी असा एक गडी आमच्याकडे येतो. जोराने जोर अडवायचा म्हटले तर त्याच्यापुढे माझा पाड लागणार नाही. पण तो कोठे रेटतो आहे याकडे लक्ष दिले, तर त्याच्याच जोरावर माझा पुढचा डाव उभा राहतो. कधी साधते, पुष्कळदा साधत नाही. तरी त्या दोन-चार मिनिटांत दुसऱ्या माणसाकडे जितके लक्ष द्यावे लागते, तितके इतरत्र क्वचितच दिले जाते.

आणि साखळीचा शेवटचा दुवा विसरून चालत नाही. हेलिओने थाप मारली नाही, ही शौर्यगाथा म्हणून सांगण्यास ठीक. उद्या सकाळी ज्याला फळ्यावर लिहावयाचे आहे त्याने ती गिरवू नये. पकड बसली की थाप मारावी, आणि थाप ऐकू येताच समोरच्याने हात ढिला करावा. मग दोघांनी हसत उठून पुन्हा पहिल्या धक्क्यापासून सुरुवात करावी.