पीसगळ आणि कृमी : कबुतरांच्या निमित्ताने कृमिचिकित्सेचा पुनर्विचार

सातारा व सांगली जिल्ह्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्याला मुक्या जीवांच्या औषधाची विचारणा नवीन नाही. गाईचे पोट फुगले, कोंबड्यांना हगवण लागली, की पशुवैद्यकाकडे जाण्याआधी 'काहीतरी आयुर्वेदिक द्या' म्हणून मंडळी आपल्या पायऱ्या चढतात. गच्चीवर ढाबळ बांधून गिरेबाज कबुतरे पाळणारे शौकीन त्यांत असतात. पावसाळा लागला, कबुतरांची पिसे झडू लागली, पक्षी मलूल दिसू लागला, की त्यांची मागणी ठरलेली असते : जंताचे औषध. या मागणीपुढे आमचा स्वतःचा हात एकदा चुकता चुकता राहिला. तो प्रसंग व्यवसायबंधूंच्या आणि औषधविक्रेत्यांच्या उपयोगी पडेल, या हेतूने हे टिपण.

प्रसंग

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणातील गोष्ट. जुन्या खोकल्यासाठी आमच्याकडे येणारे मिरजेकडील एक गृहस्थ पुठ्ठ्याच्या खोक्यात कबुतर घेऊन आले. ढाबळीत तीसएक पक्षी. पिसे झडू लागल्यावर जंतांचा संशय आला, म्हणून त्यांनी घरात मुलांसाठी आणलेले अल्बेंडाझोलचे औषध पिण्याच्या पाण्यात मिसळले. एकदा फरक दिसला नाही म्हणून चार दिवस दिले. पंधरवड्यात तीन पक्षी दगावले. उरलेल्यांना नवीन पिसे येत होती, पण ती अरुंद, वाकडी आणि आडव्या रेघा पडलेली. गृहस्थ म्हणाले, "इंग्रजी औषध बाधलं. मागं पोराला दिलेल्या गोळ्या द्या, त्यांचा काही त्रास नाही."

त्या गोळ्या कृमिमुद्गर रसाच्या होत्या. आम्ही कपाट उघडून बाटली हातात घेतली आणि वेष्टणावरील सावधगिरीची सूचना वाचून थांबलो. कृमिमुद्गरात पारद, गंधक, अजमोदा, विडंग, विषमुष्टी आणि पलाशबीज ही द्रव्ये क्रमाने एकेक भाग वाढवत घेतात. म्हणजे एकवीस भागांत पाच भाग कुचला. जेमतेम तीन-चारशे ग्रॅम वजनाच्या पक्ष्याला यातील कोणती मात्रा निर्धोक, हे आम्ही कोणत्या आधारावर सांगणार होतो? बाटली परत ठेवली आणि गृहस्थांना परिचित पशुवैद्यकांकडे पाठविले.

विष्ठेच्या तपासणीत दोन पक्ष्यांत गोल जंतांची थोडी अंडी सापडली. उरलेल्यांत काहीही नव्हते. जो व्याधी बहुतेक पक्ष्यांना नव्हताच, त्याच्या उपचाराने ढाबळीची हानी झाली होती.

पीसगळ हा व्याधी नव्हे

पीसगळ हा पक्ष्याच्या वार्षिक जीवनक्रमाचा भाग आहे. कबुतराच्या पंखात उड्डाणाची दहा मुख्य पिसे असतात. ती आतून बाहेर, एकामागून एक गळतात आणि त्यांच्या जागी नवी येतात. शेपटीसह हे सर्व पूर्ण व्हायला सुमारे सहा महिने लागतात. पीस मुख्यत्वे प्रथिनांचे बनलेले असते आणि वाढत असताना त्याच्या मुळाशी रक्ताचा पुरवठा असतो. या काळात पक्षी शांत राहतो, कमी उडतो. हे मलूलपण पुष्कळदा स्वाभाविक असते.

आपल्या परिभाषेत केश-लोम-नखे हा अस्थिधातूचा मल होय. पिसांनाही तोच न्याय लावला, तर पीसगळ हा धातुपोषणावर मोठा भार टाकणारा काळ ठरतो. त्यात आपल्याकडे तो बराचसा वर्षा ऋतूशी जुळतो. अग्नी मंद, वात प्रकुपित, हवा क्लिन्न. अशा वेळी शोधनाची घाई करू नये, हे मनुष्याच्या बाबतीत आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच.

कबुतरांच्या रोगांचा स्वतंत्र विचार आपल्या संहितांत नाही. पण पक्षिसंगोपनाची परंपरा आपल्याला अगदीच परकी नाही. कुमाऊँच्या रुद्रदेवाचा 'श्यैनिकशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ ससाण्यांविषयी आहे. त्यात शिकारी पक्ष्यांचे ऋतुमानानुसार संगोपन, त्यांचा पीसपालट आणि रोगोपचार हे विषय आले आहेत.

अल्बेंडाझोल का बाधले?

अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही एकाच गटातील औषधे. मनुष्यात ती सर्रास वापरली जातात. २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळांतून अल्बेंडाझोलच दिले जाते. म्हणून ते घराघरांत ओळखीचे. परंतु कबुतरे व पारवे या गटाला फार संवेदनशील आहेत. ही औषधे कृमींच्या पेशींतील ज्या सूक्ष्मतंतूंवर आघात करतात, त्यांच्याशिवाय पेशींचे विभाजन होत नाही. मात्रा वाढली की पक्ष्याच्या शरीरातील वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींनाही तडाखा बसतो. आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा आणि पिसांची मुळे ही ती तीन ठिकाणे. पीसगळीत तिसरे ठिकाण सर्वाधिक कार्यरत असते. म्हणून पीस अरुंद व वाकडे येते, आणि बिघडलेले पीस पुढच्या पीसगळीपर्यंत, म्हणजे वर्षभर, तसेच राहते. मज्जेवर आघात झाला तर पक्षीच जातो.

'आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक' हा समज

येथे आपल्या कपाटाकडेही तितक्याच काटेकोरपणे पाहावयास हवे. कृमिमुद्गरात कुचला आहे. कृमिकुठाराच्या पाठात वत्सनाभ आहे. ही दोन्ही द्रव्ये औषध नियमावलीच्या अनुसूची ई (१) मधील विषद्रव्यांत मोडतात. वेष्टणावरील सावधगिरीची सूचना त्यासाठीच असते.

एकेरी विडंग तुलनेने सौम्य. पण बाजारात वावडिंग म्हणून येणारे फळ प्रत्येक वेळी एम्बेलिया राइब्सचेच असते असे नाही. त्याच प्रजातीतील दुसऱ्या झुडुपाची किंवा मिरसिन व मेसा या वनस्पतींची फळेही त्या नावाने विकली जातात. शिवाय विडंगातील एम्बेलिनचे प्रजननक्षमतेवर प्रतिकूल परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहेत. जोड्या लावणाऱ्या शौकिनाने हे जाणून असावे. संहितांतील मात्रा मनुष्यासाठी आहेत. त्यांना वजनाने भागून पक्ष्याची मात्रा काढणे हे गणित झाले. ती चिकित्सा नव्हे.

त्रिविध चिकित्सा : शेवटच्या पायरीपासून

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमिचिकित्सेची तीन अंगे सांगितली आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. आपण पहिल्या दोहोंवर थबकतो. तिसरे 'पथ्य सांभाळा' एवढ्यावर उरकतो. पीसगळीत क्रम उलटा धरावा, असे आमचे मत आहे.

निदानपरिवर्जन : कबुतराच्या गोल जंताला मधला आश्रयदाता लागत नाही. विष्ठेतून पडलेली अंडी ऊब व ओल मिळाल्यास दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात. गिळलेल्या अंड्यातून पूर्ण वाढलेला, अंडी घालणारा जंत तयार होण्यास साधारण सहा आठवडे लागतात. चपटे जंत मुंग्या, भुंगेरे, गोगलगायी यांच्या द्वारे येतात. म्हणून विष्ठा रोज खरवडावी, फरशी धुऊन ओली ठेवण्यापेक्षा कोरडी ठेवावी, बसण्याच्या जागेखाली जाळी घालावी, दाणा जमिनीवर न टाकता पात्रात द्यावा. नवा पक्षी तपासणी होईपर्यंत वेगळा ठेवावा. अंडी जंतुनाशकांना सहसा दाद देत नाहीत. ऊन, कोरडेपणा आणि उष्णता यांनी मरतात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले होते. अशी ओल ओसरल्यानंतर ढाबळ पूर्ण वाळविल्याशिवाय पक्षी आत सोडू नयेत.

प्रकृतिविघात : येथे विवेक हवा. कृमींची प्रकृती मोडणारी कटु-तिक्त-कषाय द्रव्ये रूक्षही असतात. पिसे घडत असताना शरीराला स्निग्ध व बृंहण आहार हवा. ज्वारी, बाजरी, गहू यांना मूग, हरभरा, वाटाणा यांची जोड द्यावी; सोबत थोडी करडई व जवस. शिंपल्याचा चुरा व खडे सदैव उपलब्ध असावेत. आठवड्यातून एक-दोनदा स्नानाचे पाणी ठेवावे.

अपकर्षण : विष्ठेत अंडी दिसल्याशिवाय नाही. शक्यतो पीसगळीपूर्वी तपासणी करून तेव्हाच उपचार उरकावा आणि पिसे पूर्ण आल्यावर पुन्हा तपासावे. मध्येच पक्षी खंगू लागला व कृमी सिद्ध झाले, तर थांबणेही घातक. मग औषधाची निवड व मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी.

आपली मर्यादा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यक व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे, बी.ए.एम.एस. पदवीने तो मिळत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर प्राण्यांसाठीची औषधेही येतात. तेव्हा 'कबुतरांचे जंतचूर्ण' अशा पुड्या बांधून विनापरवाना विकणे हे विक्रेत्यालाही महागात पडू शकते. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तालुक्यांतून शासकीय दवाखाने आहेत. तेथे पाठविण्यात आपला कमीपणा नाही.

उलट जे आपले क्षेत्र, तेथे सावध राहावे. आमच्या त्या गृहस्थांचा खोकला ढाबळ साफ करताना बळावत असे, हे आम्हाला कबुतराच्या निमित्तानेच कळले. पिसांच्या व विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाला दीर्घकाळ टिकणारी सूज येते. कास-श्वासाच्या रुग्णाला 'घरी कबुतरे आहेत का?' हा प्रश्न आम्ही तेव्हापासून न चुकता विचारतो. त्यांना छातीच्या तपासणीसाठी तज्ज्ञांकडे पाठविले आणि ढाबळीची साफसफाई घरातील दुसऱ्याकडे, तोंडाला मुखपट्टी बांधून, सोपविण्यास सांगितले.

पुढच्या वर्षी त्यांनी वैशाखातच विष्ठेची तपासणी करून घेतली, जाळी बसविली आणि पावसाळ्यात कोणतेही औषध दिले नाही. कार्तिकात त्यांनी आणून दाखविलेल्या पक्ष्याचा पंख आम्ही उलगडून पाहिला. दहाही पिसे सरळ होती. एका ढाबळीवरून सिद्धान्त मांडण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु औषध न देणे हाही चिकित्सेचा निर्णय असतो आणि त्यासाठीही शास्त्राचा आधार लागतो, एवढे आम्ही त्या पंखावरून शिकलो.