नातवंडांची यादी आणि आजीची पेन्शन

डिसेंबर आला की वसईपासून गोव्यापर्यंत कितीतरी घरांत आजी-आजोबा गुपचूप हिशेब मांडतात. पूर्वी नाताळला एक नवा फ्रॉक आणि दोन जास्तीच्या नेवऱ्या मिळाल्या तरी नातवंडं खूश असायची. आता यादी व्हॉट्सअॅपवर येते, तीही लिंकसकट!

खेळणी महागलीत, हा काही आजीचा भ्रम नाही. परदेशी खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. ईपीएस-९५ची किमान पेन्शन मात्र २०१४ पासून महिना १,००० रुपयेच. चार नातवंडं असतील, तर प्रत्येकी अडीचशे रुपये, आणि त्या महिन्याची औषधं? ती कशातून आणायची?

आजी हे स्वतःहून बोलणार नाही. नातवासमोर ‘परवडत नाही’ म्हणणं तिला जड जातं, त्यातून दुसऱ्या आजोबांनी सायकल दिलेली असते. म्हणून विषय मुला-सुनेनं किंवा लेक-जावयानंच काढावा, आणि तोही नोव्हेंबरातच. चौघांत मिळून एक कॅरम चालतो की!

गोठ्यासाठी ताटलीत नाचणी पेरण्याचं काम आजीकडे द्या आणि नातवंडांना तिच्या हाताखाली. मूठभर नाचणीला असा कितीसा खर्च येतो? फक्त आठ-दहा दिवस आधी पेरा, म्हणजे नाताळपर्यंत हिरवीगार होते.

आणि हो, स्वस्त खेळणं घेताना आयएसआय मार्क बघा. २०२१ पासून तो बंधनकारक आहे.