आधी कॅमेरा, मग कात्री

दुर्बिणीतून अपेंडिक्स काढायला शिकणाऱ्या डॉक्टरच्या हाती आधी येतो तो कॅमेरा. कात्रीला बराच अवकाश असतो. पेणच्या गणपती कारखान्यात नवख्या पोराला डोळ्यांच्या आखणीला बसवत नाहीत, तसंच हे. कॅमेरा धरणं दुय्यम वाटतं. पण चित्र तिरकं झालं किंवा अवजाराचं टोक पडद्याबाहेर गेलं, की ऑपरेशन करणारा आंधळाच. ज्याला कॅमेरा स्थिर धरता येत नाही, त्याला पुढचं काही देऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

हात तयार होतात ते थिएटरबाहेर. पोटाच्या भिंतीतून गेलेलं अवजार उलटं वागतं: मूठ उजवीकडे नेली की टोक डावीकडे जातं. शिवाय सपाट पडद्यावर खोली कळत नाही. म्हणून प्लॅस्टिकच्या खोक्याला दोन भोकं पाडायची, आत मोबाइलचा कॅमेरा लावायचा आणि खुंटीवरची रिंग या हातातून त्या हातात देत दुसऱ्या खुंटीवर ठेवायची. ते जमलं की रबरी हातमोज्याच्या बोटात कापूस भरायचा. हे झालं अपेंडिक्स. त्याच्या बुडाशी दोऱ्याचा फास सरकवून आवळायचा. एवढा सराव रोह्याच्या क्वार्टरमध्ये बसूनही होतो. ही शस्त्रक्रिया मुळात सुरू झाली ती १९८० मध्ये, जर्मनीतल्या कील इथे कुर्ट झेम यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं तेव्हा. गंमत म्हणजे ते स्त्रीरोगतज्ज्ञ होते आणि सर्जन मंडळी त्यांच्यावर भडकली होती. आपल्याकडे टेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं.

खऱ्या ऑपरेशनचे तुकडे पाडून शिकवतात आणि अवघड तुकडा आधी देत नाहीत. पोटात शिरणं हाच सर्वांत धोक्याचा क्षण, कारण बेंबीच्या मागे फार अंतरावर नसते ती महाधमनी. शिकाऊ हातांसाठी एकेक थर डोळ्यांनी बघत उघडणं बरं. मग कार्बन डायऑक्साइड भरायचा, दाब साधारण पाऱ्याच्या १२ मिलिमीटरइतका. पुढची दोन भोकं आतून कॅमेऱ्यानं बघतच पाडायची. खालच्या भोकाजवळ मूत्राशय असतं, म्हणून ते आधी रिकामं केलेलं हवं. टेबल डोक्याकडे खाली आणि डावीकडे कललं की आतडी आपोआप बाजूला सरकतात. अपेंडिक्स सापडत नसेल तर मोठ्या आतड्यावरच्या तीन पट्ट्यांपैकी एक धरून खाली यायचं. तिन्ही त्याच्या बुडाशीच एकत्र येतात.

अपेंडिक्सला रक्त पुरवणारी धमनी त्याला जोडलेल्या पातळ पडद्यात असते. ती सुटली की नवखा घाबरून रक्ताच्या डबक्यात आंधळेपणानं चिमटा मारतो, आणि आतड्याला इजा होते ती तिथेच. आधी दाबून धरायचं, रक्त ओढून घ्यायचं, दिसल्यावरच पकडायचं. बुडाशी फास घालताना थोटूक लांब ठेवलं तर ते पुन्हा सुजू शकतं. कापलेला तुकडा पिशवीत घालूनच बाहेर काढायचा, नाहीतर बेंबीची जखम पिकू शकते.

हे सगळं मोठ्या कॉलेजात शिकलेला सर्जन पुढे पेण-रोह्यासारख्या गावी येतो, तेव्हा हाक मारायला शेजारच्या थिएटरमध्ये सिनिअर नसतो. त्यामुळे पोट उघडून अपेंडिक्स काढण्याचा हात त्याला आधीच बसलेला असावा लागतो. आज दुर्बिणीच्याच केसेस जास्त बघणाऱ्या निवासी डॉक्टरांना तो हात बसत नाही, ही त्यांची खरी अडचण आहे. अपेंडिक्सभोवतीचा गोळा घट्ट चिकटलेला आहे, बूड दिसत नाही, ठरवलेल्या वेळात काम पुढे सरकलं नाही, तर भूलतज्ज्ञाला सांगून छेद घ्यायचा. ही वेळ किती, ते ऑपरेशनआधी ठरवायचं. रंगात आल्यावर कोणी घड्याळ बघत नाही. गॅसचा जादा सिलिंडर आणि उघड्या ऑपरेशनचा ट्रे आधीच तयार हवा. नातेवाइकांनाही सही घेतानाच सांगायचं, की गरज पडली तर पोट उघडू.