इंपालात खड्डा का जाणवत नाही?

बिद्रीत साखर कारखान्याजवळ, उसाच्या ट्रॉल्यांमागं साठच्या दशकातली शेवरोले इंपाला उभी होती. मालकांनी आपुलकीनं आत बसवलं.

पुढं अखंड सोफ्यासारखी सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. तिघं ऐसपैस बसतात.

खड्डा न जाणवण्याचं सुख लांबीतून येतं. पुढच्या-मागच्या चाकांत ११९ इंच अंतर. आपल्या अँबॅसेडरला ९७. शिवाय चारही चाकांना मऊ कॉइल स्प्रिंगा आणि बॉडीखाली वेगळी चासी. गचका सीटपर्यंत येईस्तोवर विरतो. पेट्रोल भरपूर पिते, पण लांबच्या प्रवासाला हिच्यासारखी गाडी नाही!

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरनं १९४७ पासून कुर्ल्यात अशाच अमेरिकन गाड्या, डॉज आणि प्लिमथ, जोडल्या. तशी एखादी तुमच्या गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली असेल तर फोटो टाका. स्प्रिंगा, ब्रेक, सुटे भाग, काहीही विचारा.