‘विंडोज उडाली’ म्हणजे डेटा उडाला असे नव्हे

१९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता एक छोटेसे अपडेट पाठवले आणि जगभरातले संगणक निळ्या पडद्यावर अडकले. ७८ मिनिटांत कंपनीने ते मागे घेतले, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर ८५ लाख यंत्रांना फटका बसला होता. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. बहुतेक ठिकाणी उपाय मात्र साधा होता. सेफ मोडमध्ये जायचे आणि एक सदोष फाइल काढून टाकायची. यंत्र सुरू, डेटा जागच्या जागी.

अमळनेरला अपडेटनंतर लॅपटॉप अडला की दुकानात वेगळेच ऐकू येते : “विंडोज उडाली भाऊ, फॉरमॅट मारावा लागेल.” प्रताप महाविद्यालयातल्या मुलीचा प्रकल्प, व्यापाऱ्याचा टॅलीचा हिशेब, घरच्या विप्रोच्या शेअर्सचे कागद असे सगळे त्याच यंत्रात असते. घाबरलेला माणूस ‘मारा’ म्हणून मोकळा होतो. खरे नुकसान अपडेटने होत नाही, या एका होकाराने होते. म्हणून हे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : टक्केवारी पुढे सरकत नाही, म्हणजे लॅपटॉप अडकला. बंद करून टाकावा.

वस्तुस्थिती : जुनी हार्ड डिस्क असेल तर मोठे अपडेट तासन्‌तास चालते आणि आकडा बराच वेळ एकाच जागी दिसतो. मधेच बंद केले तर फायली अर्धवट बदललेल्या राहतात. चार्जर लावा आणि थांबा. बॅटरी कमजोर असेल आणि लाइट टिकण्याचा भरवसा नसेल, तर अपडेट सुरूच करू नका. बायोसच्या अपडेटला तर हे फारच जपायला हवे. ते अर्ध्यात तुटले तर यंत्र मदरबोर्डच्या दुरुस्तीपर्यंत जाऊ शकते.

गैरसमज : स्क्रीन काळी म्हणजे लॅपटॉप मेला.

वस्तुस्थिती : पंखा फिरत असेल, कॅप्स लॉकचे बटण दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र चालू आहे, फक्त चित्र येत नाही. अपडेटमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला की असे होऊ शकते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबून पाहा. नाही जमले तर पेनड्राइव्ह, प्रिंटर, डोंगल सगळे काढा, चार्जरही काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग पुन्हा सुरू करा. एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडून पाहिले तर दोष स्क्रीनचा आहे की विंडोजचा, तेही कळते.

गैरसमज : फॉरमॅटशिवाय इलाज नाही.

वस्तुस्थिती : फॉरमॅट हा शेवटचा उपाय. त्याआधीचे उपाय विंडोजमध्येच आहेत. सुरू होताना दोन-तीनदा अपयश आले की दुरुस्तीचा निळा पडदा बहुधा आपोआप येतो. नाही आला, तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा आणि हेच दोन-तीनदा करा. अपडेटची टक्केवारी दिसत असताना मात्र हे करू नका. निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडा. आधी ‘स्टार्टअप रिपेअर’. मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ : इथे शेवटचे मासिक अपडेट किंवा मोठे फीचर अपडेट काढता येते. फीचर अपडेटला साधारण दहा दिवसांची मुदत असते, म्हणून दिरंगाई नको. त्यानंतर ‘सिस्टीम रिस्टोअर’ आणि सेफ मोड. तरीही जमले नाही, तर ‘रीसेट’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडा. तुमच्या फायली राहतात, टॅलीसारखी बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर मात्र जातात. म्हणून रीसेटआधीही डेटाची प्रत काढलेली बरी.

गैरसमज : लॅपटॉप सुरू होत नाही, तर त्यातला डेटा काढता येत नाही.

वस्तुस्थिती : विंडोज आणि तुमच्या फायली एकाच डिस्कवर असल्या तरी त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून फायली उतरवता येतात. बऱ्याच लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. कोणत्याही चांगल्या कारागिराला हे काम येते. पण एसएसडी एकदा फॉरमॅट झाली, की तिच्यातून डेटा परत मिळणे जवळपास अशक्य.

गैरसमज : ४८ अंकी की मागतो, म्हणजे लॅपटॉप हॅक झाला.

वस्तुस्थिती : ही बिटलॉकरची रिकव्हरी की. तुमची डिस्क कुलूपबंद असते आणि अपडेटने यंत्राच्या सुरुवातीच्या व्यवस्थेत बदल केला की विंडोज खात्री करून घेते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये हे कुलूप आपोआप लागलेले असते, मालकाला पत्ताही नसतो. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात शिरा आणि पडद्यावरच्या की आयडीशी जुळणारी की टाका. की नसेल तर डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी फायली उघडत नाहीत. म्हणून लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना कोणाचा ईमेल टाकला होता, ते आठवा. अनेकदा तो दुकानदाराचा किंवा भाच्याचा निघतो.

गैरसमज : मग अपडेट कायमचे बंदच ठेवावे.

वस्तुस्थिती : २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या सायबर हल्ल्याने मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम कोलमडले. तो ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक वाट बंद करणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चलाच दिले होते. अपडेट करायचेच, पण परीक्षेच्या किंवा रिटर्न भरायच्या आदल्या रात्री नाही. विंडोजमध्ये ते काही दिवस पुढे ढकलता येते.

आज दोन कामे करा. रिकव्हरी की कागदावर उतरवून घरात ठेवा आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. आणि कधी दुकानात जायची वेळ आलीच, तर लॅपटॉप टेबलावर ठेवण्याआधी एवढेच सांगा : “आधी डेटा काढा, तो मला उघडून दाखवा, मगच फॉरमॅट मारा.”